वाघाशेजारी करडू हवं

पुणे, ता. ८ जानेवारी १९७४

सौ. पुतळाबाईस सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, घोर लावून घेऊ नकोस.

नात सुनीच्या पायाचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. डॉक्टर चांगले आहेत. इंदूही लेकीच्या उशाशी बसून जेवते, म्हणजे थोडं जेवते. तुझा खोकला कसा आहे?

सुनीची गोधडी कुठवर आली? मधला वाघ एकटाच शिवला असशील तर थांब. तिच्या आवडत्या पुस्तकातली चित्रं मी तुला कळवली खरी, पण अक्षरं जुळवत वाचताना वाघ करडासमोर आला, तिथेच मी पुस्तक मिटलं होतं. वाटलं, खाल्लंच त्याने. काल सुनी हसली, "आज्या, वाघ त्याला घरी पोचवतो रं!"

तेव्हा शेजारी करडू लाव, माझ्या जुन्या धोतराचं. तू ठिगळं कडेने लावत आत येतेस, मधलं अजून मोकळं असेल ना? शेजारचे मालोजी शनिवारी पुण्याला येतात, गोधडी त्यांच्या हाती दे. विसरतील का ते?

ऑपरेशनच्या खोलीत घरचं कोणी जाऊ शकत नाही. नर्सबाई म्हणाल्या, गोधडी दारापर्यंत चालेल. सुनीला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "करडू आलं की नाय वाटणार."

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
सोमा