मागची खोली बँडलाच

सगळ्यात आधी आला माझा मुलगा, तोही जागा बघायला एका गृहस्थांना घेऊन. चहासुद्धा न घेता दोघं थेट मागच्या खोलीत शिरले. मागोमाग सरावाला ड्रमवाला आला, मग माझी नात, मग गिटारवाले दोघं भाऊ. गृहस्थ भिंतीवर थाप मारून म्हणाले, "गोडाऊन झकास होईल." मुलगा म्हणाला, "आईच्या मागे काही अडचण नाही." मी ट्रे घेऊन दारातच उभी. म्हटलं, "आई अजून समोर उभी आहे रे." म्हणून हा कागद करावा लागतो आहे.

मी, वय चौऱ्याहत्तर, धंदा गाद्या शिवण्याचा (गुडघ्यांनी बंद पाडला), शिक्षण चौथी, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टर समोरच बसलेत. कोणाचा धाक नाही, कोणाची लाडीगोडी नाही. नात लावते, पण ती रोजचीच आहे. घर माझ्या कमाईचं आणि माझ्या नावावर आहे.

१. घराचा पुढचा भाग आणि दुकानाचा गाळा मुलाला. माझं औषध त्याने कधी चुकवलं नाही. हिशेबी आहे, वाईट नाही.

२. दागिने आणि बँकेतली शिल्लक मुलीला. धाकट्या दिरांना काही नाही. "बाईमाणसाला दुकान झेपायचं नाही," असं म्हणाले होते, आणि पाठ धरली तेव्हा गादी माझ्याकडूनच नेली. तिच्यावर सुखाने झोपावं, एवढंच.

३. मागची खोली, दिवे आणि पंख्यासकट, माझ्या नातीच्या बँडला, चौघांना मिळून सारखी. बँडचं नाव 'पिंजण'. नात त्यात गाते, म्हणजे कविताच म्हणते, आणि बाकीचे तिघं तिच्यामागे धुमाकूळ घालतात. सहा वर्षं माझ्या गाद्यांच्या थप्प्यांमध्ये सराव करतात, कारण कापूस आवाज पितो आणि शेजारी कोणी भांडायला येत नाही. त्यांना कोणी विचारत नाही, हेही खरं. कार्यक्रमाला पंधरा माणसं आली तर त्यात आम्ही घरचेच सहा. तिथे नुसता गडगडाट, आणि माझ्या पोरीचे ओठ हलताना दिसतात. मी तरी पहिल्या रांगेत बसते. मला फार आवडतं.

खोलीचं ऐकून नात म्हणाली, "आजी, मामाला देऊन टाक. आमचं कोण ऐकतंय? पुढच्या महिन्यात बंदच करायचं चाललंय." ड्रमवाला खाली बघत बसला.

आता गंमत सांगते. खोली मोठी दिसावी म्हणून मुलाने सकाळीच सगळ्या गाद्या अंगणात काढल्या होत्या. मी म्हटलं, आलाच आहात तर वाजवा एक. पहिल्याच ठोक्याला चौघंही दचकले! ड्रमवाला म्हणतो, "एवढे जोरात वाजवतो आपण?" नातीने त्याच्याकडे असं बघितलं की बास. कापसापायी सहा वर्षं ह्यांना स्वतःचा आवाजच कळला नव्हता. मग हळू वाजवायला लागले, आणि नातीचा शब्द न् शब्द बाहेर आला:

तुझ्या खुर्चीत बसायला गेले
तर खुर्चीच उठून गेली.

हे तिच्या आजोबांवर आहे. खुर्ची कशी उठेल, ते विचारू नये. मला निम्मं कळतं, आणि उरलेल्या निम्म्याला रडू येतं.

शेजारीण तरातरा आली. मला वाटलं, झालं, आता भांडण. तर म्हणाली, "ती खुर्ची परत म्हण ग, बाई." गृहस्थ पायरीवर बसले होते, हातात गार चहा.

तर अट अशी: गाद्या परत आत न्यायच्या नाहीत. शेजारणीने दुपारी दोन ते चार सोडून परवानगी दिली आहे. चौघांपैकी एक तरी वाजवत असेल, तोवर खोली विकता येणार नाही.

४. कापूस झोडायची काठी ड्रमवाल्याला. कधीपासून डोळा ठेवून आहे. त्याला साक्षीदार म्हणून सहीही करायची होती. कागद तपासायला आलेले वकील म्हणाले, "सही केलीस तर वाटा जाईल." तेव्हा पेन असं टाकलं, जसं काही चटका बसला. शेजारीण साक्षीदार आहे, म्हणून तिलाही काही ठेवता येत नाही. तिला एक गादी आत्ताच कुंपणावरून दिली.

मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी गप्प बसायचं?" म्हटलं, "गाणं चालू असताना, हो."

ठिकाण: मागची खोली. दिवस: सोमवार, संध्याकाळचा चहा झाल्यावर.
सही: माझी, जरा वाकडी, पण माझीच.
साक्षीदार: शेजारीण, निवृत्त शिक्षिका. डॉक्टर, माझे गुडघे बघणारे.

माझ्यासमोर दोघांनी सह्या केल्या. गृहस्थांचं खोलीचं माप घ्यायचं राहून गेलं, म्हणून गुरुवारी परत येतो म्हणाले. सरावाची वेळ विचारून गेले. बायकोलाही आणणार आहेत.