निरवांगीचे घर नात संस्कृतीला

मी, बनाबाई हिंदुराव पोळ, वय ७२ वर्षे, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. मुलगा युवराज रागावलेला आहे, पण रागाला मी जबरदस्ती म्हणत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या नावची सव्वा एकर जमीन व कारखान्याचा शेअर मुलगा युवराज याला मिळावा. वडिलांमागे त्याने रान राखले, मला कधी काही कमी पडू दिले नाही. त्याचे उपकार मानते. पुढे त्याच्याबद्दल कडू लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहिले.

२. माझी बोरमाळ व शिलाई मशीन सून माधवी हिला मिळावी. माझा खुबा मोडला तेव्हा तिने तीन महिने मला न्हाऊ घातले. माझ्या सासूने माझ्या हातचे पाणी प्यायला चार वर्षे लावली. सासू-सुनेत दुसऱ्या तऱ्हेनेही नांदता येते, हे मला माधवीमुळे कळले.

३. लोखंडी पेटीतले पुस्तक नात संस्कृती हिला द्यावे. त्याला मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातली कादंबरी आहे. इनामदाराच्या मुलीचा घोड्यांच्या मोतद्दाराच्या मुलावर जीव बसतो आणि तो पलटणीबरोबर बसऱ्याला जातो.

हे पुस्तक माझ्याकडे कसे आले, ते लिहून ठेवते. माझे आईवडील पाथर्डीकडून ऊस तोडायला इकडे येत. १९७१ साली आमची टोळी पोळांच्या उसात होती. मी मोळ्या बांधायची. पोळांचा थोरला मुलगा हिंदुराव पलटणीतून रजेवर आला होता. रजा संपायच्या आत आम्ही देवळात लग्न केले. जाताना ते पुस्तक माझ्याजवळ ठेवून गेले. "सांभाळ, आल्यावर वाचून दाखवतो," म्हणाले. मला अक्षर येत नव्हते.

डिसेंबरात लढाई लागली. चाळीस दिवस पत्र नाही. त्याआधीची त्यांची पत्रे दीर वाचायचा आणि हवे तेवढेच सांगायचा. मास्तरांच्या इंदिरावहिनींनी मला त्या पुस्तकावरून अक्षरे शिकवली. त्यांचे ऋण मोठे आहे. शेवटची वीस पाने मी मुद्दाम राखून ठेवली. हे परत यायच्या आत पुस्तक संपवले तर वाईट होईल, असे मनाने घेतले होते.

ते आले. डाव्या हाताची दोन बोटे तिकडेच राहिली, बाकी सगळे आले. मला वाचता येते हे त्यांना माहीत नव्हते. ते मला पुस्तक वाचून दाखवू लागले. शेवटावर आले तेव्हा मी खांद्यामागे उभी राहिले. म्हणाले, "आन् मोतद्दाराचा पोरगा परत आला. दारात हुबा राहून म्हणला, भूक लागलीया." पानावर तसे काही नव्हते. पानावर तो बसऱ्यालाच मेला होता. मी म्हणाले, "बरं झालं, आला." युवराजच्या जन्मानंतर मी खरे सांगितले. तर म्हणाले, "मग तवाच का न्हाय बोललीस, बने?" मी म्हणाले, "तुमी इतकं मन लावून खोटं वाचत हुता, मोडावंसं वाटंना."

ते जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांनी वाचून दाखवलेला शेवट मी वहीच्या पानावर उतरवून पुस्तकात ठेवला आहे. संस्कृतीने दोन्ही वाचावेत.

४. निरवांगी गावठाणातील माझे राहते घर, परसासह, संस्कृती युवराज पोळ हिला एकटीला मिळावे. हे घर यजमानांनी माझ्या नावावर विकत घेतले, त्यामुळे ते कोणाला द्यायचे हा हक्क माझा आहे. कारणही लिहिते, म्हणजे पुढे कोणी कोर्टात म्हाताऱ्या माणसाचा लहरीपणा म्हणू नये. संस्कृतीला नागेशशी लग्न करायचे आहे. तो बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात मशीनवर आहे. त्याचे आईवडील ऊसतोडणी कामगार. युवराज म्हणाला, "तोडकऱ्याच्या घरात दिली तर लोक त्वांडात शेण घालतील. तिनं हे केलं तर माझा उंबरा बंद."

मी म्हणाले, "युवराज, तू कुणाच्या पोटचा हाईस?"

"आई, तुझी गोष्ट येगळी."

"तुझी आज्जी बी प्रत्येकाला हेच सांगायची, बाबा. आमची गोष्ट येगळी."

तो उठून गेला. तीन आठवडे माझ्याशी बोललेला नाही, पण गोळ्या आणून ठेवतो. त्याने उंबरा बंद केला तरी पोरीला एक उंबरा असावा, एवढ्यासाठी हे कलम आहे.

५. युवराजने लग्न लावून दिले तर आनंद आहे, कन्यादान त्याचेच. न दिल्यास लग्न या घराच्या अंगणात व्हावे. नागेशचे घर म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी, झोपडीच ती, तिला उंबरा नाही. म्हणून नव्या नवरीने धान्याचे माप ओलांडायचे ते याच घरात. मला पोळांनी गोठ्याच्या दाराने आत घेतले होते, माप कोणी ठेवलेच नाही. तो राग मी सासूच्या चितेपाशी सोडला. पण माप ठेवायचा मान सासूचा असतो. ते नागेशची आई चंद्राबाई हिनेच भरून ठेवावे. ती बुजेल, मागच्या दाराने येते म्हणेल. माधवीने तिचा हात धरून तिला पुढच्या दाराने आत आणावे.

मी जिवंत असतानाच लग्न झाले तर हे कलम रद्द समजावे. हात मीच धरीन.

वरील मजकूर मी वाचला, मला पटला, म्हणून दोन साक्षीदारांदेखत सही करते. अंगठा नाही, सही.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) बनाबाई हिंदुराव पोळ

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) मानसिंग आबासाहेब भापकर, निरवांगी
२. (सही) सौ. दीप्ती शिवम गवळी, इंदापूर