सहा निळी झाकणं

रविवार, ९

काल लिहिलं ते चुकलं. मी लिहिलं की पत्त्यांच्या डावात अण्णांनी शेवटचं पान उलटल्याबरोबर झाकणं पुढे सरकवली. नाही! आधी त्यांनी माझ्यासमोरची झाकणं पाहिली, मग आपली सहा मोजली. माझ्याकडेही नेमकी सहाच होती. फरक मोठा आहे, म्हणून दुरुस्त करते.

बाकीचं बरोबर. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले आम्ही चौघं, शनिवारी डबे खाल्ले की पोकर. पैसे नाहीत, बाटल्यांची निळी झाकणं. एक झाकण म्हणजे एक रविवार. हरेल त्याने तितके रविवार सलग येऊन बशीतले जंतूंचे ठिपके मोजायचे. जंतूंना सुट्टी नसते.

टायपिस्ट ताई आणि ड्रायव्हर आधीच बाहेर पडले. माझी तीन झाकणं मध्ये गेली आहेत, आणि डाव येत्या शनिवारपर्यंत थांबलाय. आता सहा घालून भिडायचं, की पत्ते टाकायचे? टाकले तर तीन रविवार. भिडून हरले तर नऊ. आणि धाकटीची परीक्षा बरोबर नऊ रविवारांनी! तिला शिकवणारं घरात माझ्याशिवाय कोण आहे? आई-बाबांना पुस्तक सुलटं की उलटं ते चित्रावरून कळतं. जिंकले तर मात्र नऊच्या नऊ रविवार आमचे.

दर रविवारसारखी आज गावी घरी गेले, अपूर्णांक घेतले. मध्येच ती म्हणाली, "ताई, तू इथे आहेस का? तीन वेळा तेच गणित घातलंस."

सोमवार, १०

खाली उघडे पडलेले पाच: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री, चौकट अठ्ठी, शेवटी इस्पिक दुर्री. माझ्या हातात राजा आणि राणी. म्हणजे दोन राजे झाले. वाईट नाही.

अण्णांकडे एखादी दुर्री असेल तर तीन दुर्र्या, मी मेले. पण ते बदामांची वाट बघत असतील तर पाच बदाम झालेच नाहीत, हात रिकामा. नुसतं घाबरवताहेत.

अण्णा घाबरवतात? पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मला पहिल्या दिवशी बशी कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं.

मंगळवार, ११

बहुतेक भिडायचं.

बुधवार, १२

नीट लिहिते.

शनिवारी डाव अर्ध्यात थांबला, कारण नमुन्यांची गाडी आली. अण्णांची शिस्त: प्रत्येकाचे पत्ते पाकिटात, वर चिकटपट्टी, नाव, सही, तारीख, अगदी नमुन्यासारखं. "घाई नाही पोरी. आठवडाभर विचार कर." पाकिटं खणात, किल्ली माझ्याकडे. ड्रायव्हर हसला, "हिच्याकडेच द्या. ही स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाही!"

आज चिकटपट्टी हवी होती. खण उघडला, पाकिटं वर होती ती उचलून ठिपके मोजायच्या काचेवर ठेवली. हातातलं काहीही आपण तिथेच ठेवतो, सवयच आहे. काचेखालचा दिवा चालू होता.

पाकीट पातळ, पत्ते स्वस्तातले. अण्णांचे दोन्ही पत्ते दिसले. दोन्ही बदाम. दुर्री एकही नाही.

लगेच उचललं. लगेच म्हणजे? खरं सांगायचं तर आकडे वाचण्याइतकं थांबले.

गुरुवार, १३

मी परवाच भिडायचं ठरवलं होतं ना! मग काय बिघडलं? न पाहताही तेच केलं असतं.

पान उलटून पाहिलं. लिहिलंय, "बहुतेक". बहुतेक म्हणजे ठरलं नव्हतं.

नऊ रविवार... धाकटीचं गणित पक्कं होईल. खण मुद्दाम उघडला नव्हता. कुणाला कळणारही नाही. हे सगळं खरं आहे, आणि दिवसभर मी तेच घोकतेय.

शुक्रवार, १४, दुपारी

अण्णा ताईंना सांगत होते, मी दाराशी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "टाकेल हो ती. बहिणीची परीक्षा आहे ना, नऊ रविवारांची जोखीम कशाला घेईल?"

"मग तुम्ही तेवढ्यासाठी सहा लावलेत? लाज नाही वाटत?"

"खेळ आहे बाई! खेळताना काय आरती ओवाळू?"

खूप राग आला. बशा धुताना एक फोडली. उद्या भिडून त्यांचं तोंड बघावंसं वाटलं. त्यांनी माझी अडचण मोजून पैज लावली, मग मी पाहिलं तर काय झालं?

पण त्यांनी केलं ते टेबलावर केलं. सगळ्यांसमोर.

शुक्रवार, रात्री जेवणाआधी

भिडायचं नाही. गुपचूप टाकायचंही नाही. तसं केलं तर अण्णा म्हणतील, शहाणी पोर, आणि मी ते ऐकून घेईन.

धाकटीला फोन केला, तीन रविवार येणार नाही म्हणून. "का?" म्हणाली. उद्या सांगते म्हटलं. आधी त्यांना सांगायला हवं: अण्णा, मी तुमचे पत्ते पाहिलेत.

शनिवार, १५. दुपारी दोन वाजता, पाकिटं फोडायच्या आधी सांगितलं.