नीलाचा डावा गाल

४ जानेवारी १९५४, सोमवार

नीलाचा डावा गाल पुन्हा सुजला. महिन्यात दुसऱ्यांदा! लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या, काही उपयोग नाही. पोर रडत नाही, हेच मला आवडत नाही. सात वर्षांची मुलगी, दाढ ठणकतेय, आणि भिंतीकडे तोंड करून गप्प.

खालच्या हौसाबाई वर येऊन बघून गेल्या. "दुधाचंच दात, पडायचंच हायेत की," म्हणाल्या. मग जिन्यात कुणाशी तरी — "सख्खी आई असती तर इतकं वाढू दिलं असतं व्हय?" मला ऐकू जावं म्हणूनच बोलल्या. की नाही? मला आता सगळंच मुद्दाम वाटतं.

या घरात येऊन सव्वा वर्ष झालं. अजून जिन्यातलं बोलणं माझ्याबद्दलच असतं.

७ जानेवारी, गुरुवार

सकाळी ह्यांच्याबरोबरच ठाण्याला. हे कचेरीत गेले, मी नीलाला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे. वयस्कर आहेत, हात फार हलका. छोटा आरसा तोंडात घालून बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "सात दात किडलेत. त्यातले पाच डावीकडचे. गोड काय काय देता?"

म्हटलं, घरात सगळ्यांना मिळतं तेवढंच.

"तेवढ्यानं असं होत नाही. जेवणात लाडू खाल्ला, चूळ भरली, संपलं. ही रोज काहीतरी गोड डाव्या गालात धरून ठेवते. चघळत नाही, धरून ठेवते. तासतासभर. उजवी बाजू बघा आणि ही बघा."

कुणी देत नाही हो, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दिवसभर घरीच असता ना?"

घरीच असते! म्हणूनच तर!

मग त्यांनी नीलाच्या सगळ्यात मागच्या दाढेवर आरसा धरला आणि मला वाकून बघायला लावलं. ही दुधाची नव्हे म्हणाले. सहाव्या वर्षी मागून गुपचूप येते, कुठलाही दात न पाडता, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती जन्मभराची. गेली की गेली. हिच्या त्या दाढेला नुकती कीड लागलीय. मला हे ठाऊकच नव्हतं. मॅट्रिक झाले मी, आणि हे ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात एक दुधाची दाढ काढायची, मागच्या दाढेत चांदी भरायची. लहान ब्रश घ्यायला सांगितलाय. सकाळी आणि जेवण झाल्यावर, आणि त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. "पण गालातलं थांबलं नाही, तर माझी चांदीही फुकट," म्हणाले.

बाहेर आल्यावर विचारलं, "कोण देतं गं तुला?" मान हलवली. "कुणी नाही." बोलताना माझ्या पायांकडे बघत होती. खोटं बोलते.

८ जानेवारी

साखरेच्या डब्यात आतून पेन्सिलीची रेघ मारून ठेवली. गुळाचा डबा वरच्या फळीवर.

१० जानेवारी, रविवार

गोदूबाई आल्या. दर रविवारी येतातच — ठाण्याहून, चरईतून. लक्ष्मीच्या आई. लक्ष्मी म्हणजे ह्यांची पहिली. त्यांना नातीला भेटू नका कसं म्हणणार? पण येतात, नीलाला गॅलरीत घेऊन बसतात, आणि मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबतं.

त्या खाली हौसाबाईंकडे गेल्या तेव्हा मी त्यांची पिशवी उघडली. हो, उघडली. जपमाळ, फणी, एक जुनं लुगडं, आणि तळाशी कागदाच्या पुडीत खडीसाखर!

खरं लिहायचं तर मला आनंद झाला.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. सकाळपासून नीलाच्या हातावर तिळगूळ. सगळी आळी गोड बोला म्हणत गोड देते, कुणाकुणाचा हात धरू? पण एक नवल झालं. हलवा खाल्ला आणि आपण होऊन मोरीत जाऊन चूळ भरून आली. दोनदा! डॉक्टरांचं सगळं लक्षात ठेवलंय पोरीनं. ब्रशही न सांगता करते.

मग जी मुलगी इतकं ऐकते, ती ते एकच का लपवते?

१५ जानेवारी

दाढ काढली. नीलानं माझा हात नाही धरला. खुर्चीची कड धरली. परत येताना मला म्हणाली, "तू घाबरलीस का?" मी नाही म्हटलं. "घाबरलीस," म्हणाली.

१७ जानेवारी, रविवार

आज झालं ते चांगलं झालं नाही. पण कधीतरी व्हायचंच होतं.

गोदूबाई पानावर बसत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुम्ही नीलाला लपवून खडीसाखर देता. तिची दाढ गेली त्यानं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पिशवी उपसलीस माझी?"

"उपसली. पोरीच्या दातांसाठी उपसली."

"अगं, खोकल्यासाठी असते ती माझ्या! डॉक्टरनं गोड नको म्हटल्यापासून एक खडा तिला दिला असेन तर —" ह्यांच्याकडे वळल्या. "हरिहरराव, तुम्ही तरी सांगा."

हे पेपर वाचत होते. पान उलटलं. माझ्या बाजूनं बोलले नाहीत, त्यांच्याही बोलले नाहीत. गोदूबाई उपाशी उठून गेल्या. नीलानं त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, आणि परत येऊन माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत उभी राहिली.

१९ जानेवारी

साखर रेघेवरच आहे. गूळ जसाच्या तसा. आणि शाळेतून आल्यावर नीलाच्या तोंडाला लिंबाचा वास! खडीसाखरेला लिंबाचा वास कुठून?

२२ जानेवारी, शुक्रवार

शाळेत जाऊन तिच्या वर्गाच्या शीलाबाईंना भेटले. त्या आधीच वैतागलेल्या. "कविता म्हणायला उभी केली की तोंड उघडत नाही. गालात काहीतरी धरलेलं असतं. पहिल्या तासाला, रोज!"

रोज. म्हणजे गोदूबाई नव्हेत — त्या रविवारच्या.

फाटकाशी पोपटची गाडी असते, बोरं-चिंचा आणि बरणीत रंगीत गोळ्या. त्याच्यावरच घसरले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, ती पोर माझ्याकडं कधी थांबतच नाय. बापाचं बोट सोडते नि सरळ आत जाते."

२५ जानेवारी, सोमवार

आज सकाळी ह्यांच्या आणि नीलाच्या मागून गेले. डोक्यावरून पदर घेतला, पन्नास पावलांचं अंतर ठेवलं. आपल्याच नवऱ्याच्या मागून! कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय सांगणार होते?

दूधनाक्याच्या वळणावर हे थांबले. कोटाच्या खिशातून पुडी काढली. वाकले. तिच्या कानात काही बोलले. नीलानं तोंड उघडलं — आणि ह्यांनी लिमलेटची गोळी तिच्या जिभेवर ठेवली. तीर्थप्रसाद द्यावा तशी. गाल फुगला. डावा.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. दाढ काढली त्या दिवशी पोरीचं रक्ताचं फडकं पाहून ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पेपरामागे बसून गोदूबाईंना उपाशी जाऊ दिलं ह्यांनी. आणि रोज, रोज — का?

दुपारी नीला आली. जवळ घेऊन म्हटलं, "मी रागावणार नाही. बाबांनी गोळी दिली ना?"

"बाबा नाही देत," नीला म्हणाली. "आई पाठवते."

२६ जानेवारी, मंगळवार

सुट्टी. नीला शाळेत झेंड्याला गेली. घरात दोघंच. मी विचारलं. हे आधी म्हणाले, कसली गोळी? मग खाली बसले, आणि सगळं बाहेर आलं.

लक्ष्मी मुंबईला इस्पितळात गेली ती अडीच वर्षांपूर्वी. नीला तेव्हा बिगारीत, पहिलीच्याही आधी. गेल्याची तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर दूधनाक्यावर अडून बसली. आई येईपर्यंत शाळेत जाणार नाही. ह्यांच्या खिशात कुणीतरी दिलेली लिमलेटची गोळी होती. "म्हटलं, ही आईनं इस्पितळातून पाठवलीय. उठली गं ती. लगेच उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग काय करणार होतो मी?"

"आणि मी आले तेव्हा? माझं काय सांगितलंत तिला?"

"सांगितलं, आई बरी होऊन येईपर्यंत ही घर सांभाळायला आलीय."

सव्वा वर्ष! सव्वा वर्ष मी तिच्या वेण्या घालते, दुखण्याखुपण्यात जागते, आणि तिच्या लेखी मी बदलीवर आलेली! म्हणून कशानंच हाक मारत नाही मला. म्हणून डॉक्टरांचं सगळं ऐकते आणि ते एकच ऐकत नाही. चावून संपवायची कशी? आईनं पाठवलेली गोळी. जितकी पुरेल तितकी पुरवायची.

ओरडायला तोंड उघडलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. पोरासारखे रडत होते. ओरडले नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

चरईला गेले. गोदूबाईंच्या पाया पडले. पटकन उठ म्हणाल्या नाहीत. बरोबरच आहे.

मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तूच देतेस. पोर गप्प बसावी म्हणून. रविवारी गॅलरीत तेच विचारायची तिला — ही काय देते गं तुला खायला?"

मी त्यांच्यावर डोळा ठेवून, त्या माझ्यावर!

गोळीचं खरं सांगितलं तेव्हा मात्र पदर तोंडाला लावला. "मी म्हटलं होतं हरिहररावांना, मी सांगते पोरीला, आई गेली म्हणून. त्यांनी शपथ घातली. म्हणाले, सांगाल तर नीला दिसणार नाही तुम्हाला." त्यांच्याकडेच जेवले. उसळ होती. जास्तच वाढली.

३१ जानेवारी, रविवार

गोळी बंद होऊन पाच दिवस. ह्यांनी तिला काय सांगितलं असेल? — "डॉक्टर रागावले म्हणून आईनं पाठवायचं थांबवलं." आणखी एक खोटं! मी म्हटलं, आता खरं सांगा. उद्या, म्हणाले. सकाळी शाळेत सोडून येतात तेव्हा त्यांचाच चेहरा बघवत नाही. नीला मात्र गोळी मागत नाही, रडत नाही. नुसती त्यांचं बोट घट्ट धरून चालते.

२ फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या दाढेत चांदी भरली. डॉक्टर खूश. "वाचली ही. कोण देत होतं, सापडलं का?"

सापडलं, म्हटलं. नाव नाही सांगितलं.

परत आल्यावर हे म्हणाले, "माझ्यानं नाही व्हायचं. तू सांग तिला." कसं सांगू? सावत्र आईनं सांगायचं की तुझी आई मेली? जन्मभर तोंड बघणार नाही ती माझं. पण कुणीतरी सांगायलाच हवं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. गॅलरीत, वेणी घालताना, तिचा चेहरा मला दिसत नव्हता म्हणून सांगता आलं.

नीला हलली नाही. म्हणाली, "मला ठाऊक आहे. बिगारीत असतानाच कळलं होतं." मग मान वळवून, अगदी हळू — "पण बाबांना सांगू नकोस हं, मला ठाऊक आहे ते. गोळी घेतली की त्यांना बरं वाटतं."