तुहा रिपोर्ट खरा होता

माय, तू मले फसवलं. आज सुरतेत जे कळलं ते तुलेच सांगाले बसलो.

मी इथं मोटरसायकलवर रक्ताच्या नळ्या लॅबात पोचवतो. आज चहाच्या वेळी तिथल्या मॅडमले विचारलं, गळ्याच्या स्कॅनसाठी देतात त्या किरणं सोडणाऱ्या आयोडीननं रक्ताचा थायरॉईड रिपोर्ट खोटा येतो काय? त्या म्हणाल्या, "तपासणीचं आयोडीन अगदी थोडं असतं, त्यानं थायरॉईड वाढत नाही. पूर्वी रक्त तपासायची रीतच किरण मोजण्याची होती, तेव्हा त्यात या आयोडीनचे किरण मिसळून आकडा चुकायचा. आताच्या मशीनला फरक पडत नाही." मी चहा ठेवून भाईर आलो.

तुहा तो फोन मले अजून ऐकू येते. अकोल्याहून रिपोर्ट घेऊन तू शेलूबाजारले उतरली, मागं जीपवाला ओरडून राह्यला, अन् तू हासत सांगून राह्यली, "रिपोट लई वाढीव आला रे, पण खोटा हाय. त्या स्कॅनच्या औषधानं रगत बिघडलं म्हणते. पुन्हा काढू. तू येऊ नको." त्याआधी गावी आलो तवा तुहे हात इतके कापत, की पोह्याची बशी भुईवर ठेवून खाय. गळा सुजलेला, थंडीतही घाम. तरी मी मानलं. माय कायले खोटं बोलन? पुढच्याच महिन्यात छातीच्या धडधडीनं तू गेली, अन् मी गावभर सांगत हिंडलो, की माह्या मायले त्या आयोडीननं मारलं.

मॅडमचं ऐकून मावशीले फोन लावला. दवाखान्यात तुह्यासंगं तीच होती. ती रडली. "डॉक्टरनं तिले तोंडावर सांगतलं बाबू, रिपोट बरोबर हाय, आजच भरती व्हा, घरचं माणूस बोलवा. ती म्हणे, पोरगं तीन कामं सोडून आलं, हे चौथं टिकून राह्यलं. बहाणा भेटला की पळून येईन. मले तुही शपथ घातली."

बहाणा! तू मरून राह्यली होती, अन् तुले वाटलं मले तो बहाणा होईन? दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो. तुह्यासंगं कुठी भांडू?

हे कोणाच्या हाती जाणार नाही म्हणून लिहितो. तुहा फोन आला तवा माही बॅग भरलेली होती. काम सोडाले मुकादमाले काय बहाणा सांगाचा तेच सुचत नव्हतं. तू येऊ नको म्हणाली, अन् मले तुहा राग आला.