तुझ्या ट्यूनरविषयी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. फोन हाताशी असताना आई पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारी कान टवकारून बसतात, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती होत नाही. आत्ता ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेत. मी काय लिहितेय ते आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत आहे. तुझ्या खोलीला रंग दिला. दाराजवळचे तुझ्या ग्रीसच्या हातांचे ठसे मात्र दोन वेळा पुसूनही गेले नाहीत, तेव्हा नाद सोडला.

बाबांच्या वाढदिवसाला तू तो ट्यूनर आणलास, ते आठवतंय ना? मोबाइलपेक्षा जाड डबी, तिची वायर स्टिअरिंगखाली खोचायची आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचं. बाबा आधी म्हणाले, गाडी पायाने चालते, डबीने नाही. मग तू त्यांना एक चक्कर मारायला लावलीस आणि स्वारी पोरासारखी हसत परत आली. जाताना तू मलाही स्क्रीन समजावलीस: मूळ, जोरदार आणि सौम्य. सौम्य म्हणजे गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची असेल तर. कितीही पाय दाबला तरी ती ठरावीक जोरापलीकडे जात नाही. मी हो हो केलं. जन्मभर शिलाई मशीनच्या दोऱ्याचा ताण कमीजास्त केलेली बाई मी, मला त्यात अवघड काही वाटलं नाही.

तुला आजवर सांगितलं नाही, पण बाबांना डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. आधी फाटकाचा खांब घासला. म्हणाले, खांबच पुढे आलाय. मग एकदा डावीकडून सायकलवर एक मुलगी आली. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. ती पोर पाय टेकून आमच्याकडे बघत उभी राहिली, आणि बाबा मलाच म्हणाले की गाडीत ओरडू नये, चालवणारा दचकतो. त्या दिवसापासून ते किराणा आणायला गेले तरी मी गॅस बंद करून फाटकाचा आवाज ऐकत उभी राहायचे. डोळे दाखवा म्हटलं की अंगावर यायचे. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस, त्याला कोण सांगणार?

म्हणून ते केस कापायला गेले तेव्हा मी ड्रॉवरमधून ट्यूनर काढला. तू सांगितलं होतंस तशी किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, वायर खोचली आणि 'सौम्य' निवडलं. पुढचं तू सांगितलं नव्हतंस. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, बोनेटखाली पंखा घरघरू लागला, आणि स्क्रीनवरचा आकडा निम्म्यावर येऊन अडला. मध्येच वायर निघाली तर गाडी मुकी होते, पुन्हा सुरूच होत नाही, हे तुझं एवढं एकच वाक्य आठवत होतं. मी दोन्ही हातांनी वायर धरून बसले आणि घामाने हात निसटत होते. एकदाचं काम पूर्ण झालं असं स्क्रीनवर आलं, तेव्हा डबी जागच्या जागी ठेवली. बाबा आले, चक्कर मारली आणि म्हणाले, आज गाडी शहाण्यासारखी चालतेय. गावात ते सावकाशच चालवतात, त्यांना कळलं नाही. मला वाटलं, साप मेला आणि काठीही मोडली नाही.

मागच्या रविवारी आम्ही मावशीकडे निघालो. दुपदरी रस्ता, पुढे लाकडं भरलेला ट्रक. बाबा शिकणाऱ्यांना काय सांगायचे ते आठव: ओव्हरटेक आधी मनात पुरा करायचा, मगच पाय दाबायचा. त्यांनी तसंच केलं. समोरून बस येत होती, पण लांब होती; तू जोरदार करून दिलेल्या गाडीला पुरेल इतकी लांब. ट्रकच्या मध्यावर आलो आणि गाडी पुढे सरकेना. पाय पार खाली, इंजिन नुसतं गुरगुरतंय, आणि बस मोठी होत चाललेली. असं का होतंय ते गाडीत एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ट्रकवाल्याने ब्रेक दाबून आम्हाला वाट दिली म्हणून वाचलो. बसच्या वाऱ्याने गाडी हलली.

पुढे झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "माझा अंदाज चुकला." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि मला उठवून माझ्या जागी बसले. कधीकाळी त्यांनीच शिकवलं होतं, तशी घरी मी चालवत आणली. गिअर दोनदा कुरकुरला तरी ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून त्यांनी किल्लीला हात लावलेला नाही. मला हवं होतं तेच झालं, आणि आता त्याचीच भीती वाटते. काल कोपऱ्यावरचा रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तू बघ, मला आता खात्री नाही." रस्ता रिकामा होता. जिना उतरतानाही ते पायाने पायरी चाचपतात. आता तरी डोळे दाखवू या म्हटलं, तर म्हणतात, डोकंच चालत नाही, डोळे दाखवून काय करू? खरं सांगितलं तर त्यांना धीर येईल, पण मग ते किल्लीही मागतील, आणि ती सायकलवरची मुलगी माझ्या नजरेसमोरून हलत नाही. गप्प बसले, तर हा माणूस त्या खुर्चीतच संपेल. इकडे आड, तिकडे विहीर.

हे पत्र लिहायला त्यांनीच मला बसवलंय. फोनवर सांगायची त्यांना लाज वाटते. पोराला लिही, म्हणाले, ये आणि गाडी घेऊन जा, मला ती दारात नको. तसं लिहिलंस का, म्हणून आत्ताच विचारून गेले. मी हो म्हटलं. तर ये, बाळा, पण गाडी न्यायला नको. मी त्यांना सगळं सांगणार आहे. ऐकून झालं की ते किल्लीसाठी हात पुढे करतील, आणि त्या हाताला नाही म्हणणं मला एकटीला जमायचं नाही. तेव्हा तू माझ्या शेजारी उभा राहा.

वाट बघणारी, तुझीच
आई