काजवाली सुखरूप आहे

अक्का, काजवाली सापडली. खरं तर आपण तिला शोधलं नाही, तीच आली. गेल्या रविवारी दुपारी कोरमंगलात, आपल्या फॅक्सवाल्याच्या मुलाच्या घरी आम्ही ऑफिसातली जुनी मंडळी जमलो होतो, तिथं ती मुलीचा हात धरून दारात उभी राहिली. दोघी सुखरूप आहेत. आधी हे सांगून टाकते आणि बाकीचं सावकाश लिहिते, कारण अर्धवट बातमी तुम्हाला कधी चालली नाही. मद्रासहून माल बोटीवर चढला असा फोन आला तरी तुम्ही विचारायच्या, चढताना कुणी डोळ्यांनी पाहिला का. मी पाहिलंय, अक्का. शेजारी बसून, तिच्या हातावर हात ठेवून पाहिलंय.

तुम्ही गेल्यावर परदेशी शर्ट पाठवणारी आपली एजन्सी फार दिवस टिकली नाही. मालकांनी सगळा कारभार मुंबईला नेला, मल्लेश्वरमचा तो वरचा मजला सोडला, तपासणीची लांब टेबलं कुणीतरी उचलून नेली आणि आपण विखुरलो. कितीतरी वर्षांनी फॅक्सवाल्यानंच सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्यावर आमचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी देवांची चित्रं येतात, मग कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणी घर विकून म्हैसूरला गेलं त्याची बातमी. मधेच कुणाला तरी जुनं काही आठवतं. शर्ट बघायला आलेल्या त्या जर्मन साहेबाला आपण केळीच्या पानावर जेवायला वाढलं आणि त्यानं पानाचं टोकही चावून पाहिलं, यावर आम्ही अजून हसतो. पण असं हसणं रंगात आलं की कुणीतरी हमखास लिहायचं, काजवालीचं काही कळलं का. त्यावर कुणीतरी घाईनं आणखी एक देवाचं चित्र टाकायचं.

ती आपल्याकडे आली तेव्हा मला नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला शर्टाची काजं हातानंच केलेली लागत. त्या कामासाठी तुम्ही तिला घेतलंत. खिडकीजवळ स्टुलावर बसून ती दिवसभर काजं करायची. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. शाळा सुटली की तिची मुलगी यायची आणि खोक्यांच्या मागे बसून अभ्यास करायची. नवरा मॅजेस्टिकच्या स्टँडवर रिक्षा चालवायचा. एके सकाळी ती आली तेव्हा मनगट सुजलेलं होतं आणि डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, हे काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, नळावर घसरले. टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका खाली बघू लागल्या.

तुम्ही मला आत बोलावलंत. काचेचं दार लावून घेतलंत. मला वाटलं, कामाच्या वेळात गप्पा मारते म्हणून बोलणार. तुम्ही म्हणालात, "विचारायचं असेल तर पुढचं करायची तयारी ठेवून विचार. नुसतं कळून घ्यायला विचारू नकोस. त्यानं तिला आणखी एकदा मार बसल्यासारखं होतं." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. नंतर वाटलं, अक्कांनी स्वतः तरी काय केलं. मला काय माहीत की तुम्ही तिला आदल्याच आठवड्यात दवाखान्यात नेऊन आणलं होतं आणि पोलीस ठाण्यातही एकदा जाऊन आला होतात. तिथं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, घरातलं भांडण आहे, दोघांना समजावून सांगा.

मग तो रविवार आठवतो. मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुम्ही ओट्याशी चिरोटे लाटताय, कपाळावर पीठ लागलंय, कढईतलं तूप तापलंय. मला वाटतंय, सणाची मदत करायला बोलावलंय. तुम्ही मागे न बघता म्हणता, उद्या दुपारी तुला सॅम्पलची पेटी घेऊन व्हॅनमधून जायचंय, के. आर. पुरम स्टेशनला. मी विचारते, सॅम्पल रेल्वेनं कशाला. तुम्ही चिरोटा तुपात सोडता, तो फुलेपर्यंत थांबता आणि मग सांगता. आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं हात मुलीवर टाकला होता. काजवाली पहिल्यांदाच आपणहून तुमच्या दाराशी आली होती. मद्रासला तुमच्या ओळखीची एक बाई शिवणकामाचं युनिट चालवायची, तिच्याशी तुमचं बोलणं झालं होतं. सिटी स्टेशनला जाणं शक्य नव्हतं, ते मॅजेस्टिकला लागूनच, तिथला प्रत्येक रिक्षावाला तिला ओळखायचा. म्हणून गावाबाहेरचं के. आर. पुरम. मी घाबरून म्हटलं, अक्का, उद्याच? स्वल्प, थोडं थांबून, नीट विचार करून केलं तर? तुम्ही झारा खाली ठेवलात. "विचार करायला आणखी दिवस दिला तर ती राहील," म्हणालात. "बायका राहतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन खाली उतरली, रोज उतरायची तशी. घरून पिशवी आणली असती तर शेजाऱ्यांनी पाहिलं असतं, म्हणून डब्याखेरीज तिच्याकडे काही नव्हतं. मुलीला आपल्या ड्रायव्हरनं शाळेतून आणलं होतं. व्हॅनमध्ये पुढे खोकी रचलेली आणि मागे त्या दोघी आणि मी. तुम्ही आला नाहीत. तुम्ही वर खिडकीत, रस्त्यावरून दिसेल अशा उभ्या राहिलात, कुणी आलंच तर अक्का ऑफिसात आहेत हे दिसावं म्हणून. सबंध वाटेत ती डबा मांडीवर धरून बसली होती. मुलगी तेवढी विचारत होती, आपण कुठं चाललो, आणि मी सांगत होते, सॅम्पल दाखवायला. स्टेशनवर ड्रायव्हरनं तिकिटं काढून आणली, गाडीत जागा धरून दिली. मी पेटी वर चढवली तेव्हा तिनं ती उघडून पाहिली. आत शर्टाचे नमुने असतील असं तिलाही वाटलं होतं. आत साड्या होत्या, टॉवेल होता आणि एक्स्पोर्टच्या उरलेल्या कापडाचे मुलीच्या मापाचे फ्रॉक होते. ते तुम्ही केव्हा शिवून घेतलेत ते मला आजही कळलेलं नाही. म्हणजे ती तुमच्या दाराशी यायच्या कितीतरी आधीपासून तुमची तयारी चालू होती. गाडी तिथं जेमतेम थांबते. हलली तेव्हा मुलगी हात करत होती. आईनं मात्र खिडकीकडे पाहिलं नाही.

तिचा नवरा तिसऱ्या दिवशी आला. चढेल बोलत आला, पण तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, कॉफी मागवलीत. आम्ही बाहेर टेबलाशी कामाचं सोंग करत होतो. बायको कुठाय, असं त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही कन्नडमधून अगदी शांतपणे उत्तर दिलंत. म्हणालात, "तुमची बायको माझ्याकडे कामाला होती, राहायला नव्हती. घरी कुणाबरोबर राहत होती ते तुम्ही मला सांगा." तो गेला. जाताना त्यानं खाली उभ्या असलेल्या व्हॅनची काच फोडली. मालकांना कुणीतरी कळवलं. कंपनीची गाडी असल्या कामाला वापरली म्हणून त्यांनी तुम्हाला फोनवर खूप सुनावलं, नोकरीवरून काढायची भाषा केली. तुम्ही तो फोन उभ्यानंच ऐकलात. सरी, सरी, बरं, बरं, म्हणत राहिलात. ठेवल्यावर मला म्हणालात, काजांसाठी नवीन बाई बघायला हवी.

काही महिने मद्रासहून खुशाली येत होती. मग त्या युनिटच्या बाईंचा फोन आला की काजवाली न सांगता निघून गेली, मुलीलाही शाळेतून काढून नेलं, कुठं गेली माहीत नाही. त्यानंतर काहीच नाही. तुम्ही दोनदा मद्रासला जाऊन आलात. माल बघायला म्हणून गेलात, पण माल बघायला दुसऱ्या कुणाला पाठवूनही भागलं असतं. पुढे तुमचं आजारपण सुरू झालं. मी दुपारी इस्पितळात यायचे तेव्हा तुम्ही ऑफिसचं सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारायच्या, काही कळलं? मी म्हणायचे, नाही अक्का. एका दुपारी तुम्ही बराच वेळ पंख्याकडे बघत पडला होतात. मला वाटलं, डोळा लागला. तेवढ्यात म्हणालात, "मी घाई केली का गं? पोर लहान होती." तुमच्या तोंडून असला प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मी नाही म्हटलं, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून. मला कुठं काय माहीत होतं. तुम्ही गेलात तेव्हा तो प्रश्न माझ्याकडे राहिला. के. आर. पुरमवरून गाडी गेली की मी आजही खिडकीतून बाहेर बघायचं टाळते. आता टाळायचे असं म्हणायला हवं.

तर रविवारचं सांगते. ती मुलगी आता नर्स आहे. नोकरीसाठी याच शहरात आली आणि आईच्या आठवणीवरून मल्लेश्वरमची आपली इमारत शोधत गेली. खाली स्टेशनरीचं दुकान अजून आहे. दुकानदारानं फॅक्सवाल्याचा नंबर दिला. फॅक्सवाल्यानं हे आमच्यापैकी कुणालाही सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, रविवारी सगळ्यांनी या. दारातल्या बाईला मी ओळखलंच नाही. अंगानं भरलेली, केस पांढरे, नाकात चमकी, आणि खोलीत शिरल्या शिरल्या एवढी बोलायला लागली की आम्ही बघतच राहिलो. ती बोलते, अक्का. हसते सुद्धा, मोठ्यानं. मद्रासला एकदा बाजारात तिला नवऱ्याचा भाऊ दिसला होता. त्याच दुपारी ती मुलीला घेऊन कोइमतूरच्या गाडीत बसली. कुणाला सांगितलं नाही, कारण ज्याला सांगावं त्याच्याच दाराशी तो जाऊन उभा राहील ही भीती. तुमची व्हॅन फोडल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. तिकडे कारखान्यात लागली, सुपरवायझर झाली, आता स्वतःचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरा कधीच वारला. तो वारल्याचं कळल्यावर तिनं पहिला फोन आपल्या ऑफिसात केला. तिथं दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या माणसानं उचलला.

मग तिनं इकडेतिकडे पाहून विचारलं, अक्का कुठं आहेत? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. ती थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्या असत्या तर त्यांनी मला शोधून काढलं असतं." मी तिला तुमचा प्रश्न सांगितला नव्हता, अक्का, तुमच्या आजाराबद्दलही अजून काही बोलले नव्हते. तीच आपलं आपण पुढे बोलत गेली. म्हणाली, "त्यांनी मला विचार करायला वेळच दिला नाही. तेच माझं नशीब. वेळ मिळाला असता तर मी घरी परत गेले असते, आणि ही आज इथं बसली नसती." ही म्हणजे मुलगी. ती तेव्हा ताटलीतला खारा चिवडा काढून खात होती आणि फॅक्सवाल्याच्या सुनेला लसीकरणाबद्दल काहीतरी समजावत होती. मी उठून बाल्कनीत गेले. खाली पोरं स्कूटर काढत होती, शेजारच्या हॉटेलातून कांद्याचा वास येत होता. कितीतरी वर्षांनी मला हलकं वाटलं.

निघताना तिनं आम्हा सगळ्यांना कोइमतूरला बोलावलंय. जाणार आहोत. ड्रायव्हरही येतो म्हणाले. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यांना ही बातमी तीनदा सांगावी लागली आणि तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं. तुमच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि मुलं तुमची परदेशात. तुम्हाला सांगायची बातमी तर पहिल्या दोन ओळींतच संपली होती. एवढं लांबवलं त्याचं कारण वेगळंच आहे. आई गेल्यापासून माझ्याशी आपलं मराठी बोलणारं इथं कुणी उरलं नाही. घरात सून कन्नड बोलते, नातू इंग्रजी, आणि ग्रुपवर सगळं मिसळून चालतं. बऱ्याच दिवसांत कुणाशी असं पोटभर बोलले नव्हते, अक्का. बातमीचं निमित्त झालं.